कुत्र्याचे प्रायश्चित्त

त्र्यंबक खांबेटे माझा शाळेपासूनचा मित्र. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, असा माणूस. उंची बेताची, आवाज बेताचा, मिशी मात्र भरघोस. सोवळ्याच्या बाबतीत तो घरातल्या बायकांहून कडक. रस्त्यात कुत्रे शिवले तर घरी येऊन तो पुन्हा आंघोळ करी, थंडी असली तरी करी.

म्हणून तो फाल्गुनात एका सकाळी माझ्याकडे येऊन, "अरे, उद्या कल्याणला चल माझ्याबरोबर. एक कुत्रा घरी आणायचाय," असे म्हणाला, तेव्हा मी हातातले पुस्तक खाली ठेवले.

ते राणीच्या ज्युबिलीचे वर्ष होते. मी साहित्य घेऊन नुकताच बी.ए. झालो होतो आणि ठाण्यात नोकरीची वाट पाहत बसलो होतो. त्र्यंबक कल्याणला एका साहेबाकडे कारकून होता. साहेब जंगलाची मोजणी करी आणि उरलेल्या वेळात शिकार करी. शिकार कोल्ह्यांची. त्यासाठी त्याने विलायतेहून बोटीने कुत्र्यांचा एक कळपच आणवला होता. भात कापून झाले की टिटवाळ्यापासून खडवलीपर्यंतच्या मोकळ्या शेतांतून तो कळप धावे. मागे घोड्यांवर साहेब लोक. सर्वांच्या मागे बैलगाडीत दप्तर सांभाळत त्र्यंबक.

"कुत्रा?" मी विचारले. "तू?"

"ऐकून तर घे."

त्याने सांगितले ते असे. मुक्कामावर तो स्वतःचे अन्न स्वतः शिजवी. तंबूंपासून दूर एखाद्या झाडाखाली जागा सारवून तो भोवती रेघ ओढी आणि त्या रेघेच्या आत कोणाला येऊ देत नसे. जेवणाआधी गाय, कावळा आणि कुत्रा यांचे घास पानावर काढून तो बाहेर ठेवी. घरी असे घास आपण सारेच ठेवतो. ते कोण खाते हे कोणी वळून पाहत नाही. मुक्कामावर मात्र कुत्र्याचा घास खायला रोज तोच एक कुत्रा येई. कळपातला म्हातारा. मागचा पाय धरलेला, त्यामुळे धावण्यात मागे पडणारा.

"आता साहेब विलायतेला चालला," त्र्यंबक म्हणाला. "बाकीचे कुत्रे दुसऱ्या साहेबांनी वाटून घेतले. याला कोणी घेत नाही. शनिवारी गोळी घालणार आहेत."

"मग?"

"मग काय? मी रोज मंत्र म्हणून त्याला घास घातला. आणि आता गोळी घालू द्यायची?"

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो.

कुत्र्यांचा गोठा कल्याणला वस्तीपासून दूर होता. दिसण्याआधी त्याचा वास आला. तो नाकात शिरून जिभेवर बसला. मी उपरणे तोंडाशी धरले. आत एका मोठ्या काहिलीत काही तरी रटरटत होते. वर राखी रंगाचा फेस जमला होता. पाहता पाहता फेसातून एक खूर वर आला आणि पुन्हा बुडाला.

काहिलीशी लाकडी वल्हे घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे आनंदा. कळव्याकडचा. पूर्वी मिठागरात होता, आता साहेबाच्या कुत्र्यांचे रांधत होता.

"भटजी, लांब उबे ऱ्हावा," तो म्हणाला. "अंगाव उरंल."

"काय आहे ते?" त्र्यंबकाने विचारले.

"बैल."

त्र्यंबक दोन पावले मागे सरला.

"मेलेला हां," आनंदाने समजूत घातली. "आमी मारत नाय. कोनाचा बैल मेला का साहेब इकत घेतं. बैल नाय गावला तं घोरा."

"आणि तो... म्हातारा? तोही हेच खातो?"

आनंदा हसला. "त्यो तं सगल्यांच्या आंदी खातं!"

त्र्यंबकाने हे कधी विचारलेच नव्हते. त्याने त्या कुत्र्याला आपला भात खाताना पाहिले होते. बाकीच्या वेळी तो उपाशी असतो, असे त्याने धरून चालले होते. बी.ए. न होताही माणूस इतका भोळा राहू शकतो याचे मला नवल वाटले.

आनंदाने कुत्रा बाहेर आणला. इतके ओंगळ जनावर मी जवळून पाहिले नव्हते. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळे, त्यांतली निम्मी खरजेने झडलेली. कानांत गोचिडांचे घोस. एका डोळ्यावर पांढरा पडदा, दुसऱ्यातून पू. खालचा ओठ लोंबत होता आणि त्यातून लाळेची तार थेट जमिनीपर्यंत गेली होती. तो खोकला. तार तुटून माझ्या जोड्यावर पडली.

"त्र्यंबक," मी म्हणालो, "परत फिरू."

तो अर्धा वळला. आता हा फिरणार, असे मला वाटले आणि बरे वाटले. तेवढ्यात कुत्रा लंगडत पुढे आला. त्र्यंबकापासून चार हातांवर थांबला. तिथेच बसला. पुढे आला नाही.

"बघ," त्र्यंबक म्हणाला. "रेघ ओळखतो. शिवत नाही."

कुत्र्याला आम्ही गार्डाच्या डब्यातल्या कुत्र्यांच्या पेटीत घालून ठाण्याला आणले. सबंध वाटभर तो विव्हळत होता. ठाण्याला उतरवले तेव्हा तो स्वतःच्या घाणीत बसलेला होता. गार्ड आम्हांला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखे नाही. चुकीचेही नव्हते.

त्र्यंबकाचे वडील भाऊ ओट्यावर बसले होते. मामलेदार कचेरीत जन्म घालवून पेन्शन घेतलेला माणूस. ते घरात बोलत तेही कचेरीत बोलल्यासारखे.

"हे काय आहे?"

"कुत्रा, भाऊ."

"ते दिसतंय मला. कोणाचा?"

"साहेबाचा."

भाऊंनी अडकित्ता खाली ठेवला. "साहेबाने दिला? तुला?"

त्र्यंबकाने खरे ते सांगायला सुरुवात केली. गोळी, शनिवार, पाय. भाऊंनी त्यातले 'साहेब' तेवढे ऐकले. संध्याकाळपर्यंत आळीतली निम्मी माणसे अंगणात येऊन गेली. भाऊ प्रत्येकाला सांगत होते, "विलायतेचा आहे. साहेब जाताना म्हणाला, खांबेटे, हा तुमच्याच हवाली करतो." ज्याला गोळी घालायची होती तो कुत्रा दिवस मावळायच्या आत बक्षीस झाला. लोक नाकाला उपरणे लावत आणि म्हणत, "वा! जात दिसते हो." कोणाला त्याचा पू दिसला नाही. साहेबाच्या घरचा पूही त्यांना चालला असता.

"पण ठेवायचा की नाही हे अजून ठरलेलं नाही," भाऊंनी घरात बजावले. "मी विचार करीन. तोवर कोणी त्याला नाव देऊ नका. नाव दिलं की तो घरचा झाला."

त्र्यंबकाची बायको गोदा सासऱ्यांसमोर येत नसे. ती दाराआडून माझ्याशी बोलली.

"भावजी, तुमच्या मित्रांना सांगा, अंगण निसरडं झालंय त्याच्या लाळेने. मी पाणी आणताना पडले तर विलायतेहून कोण येणार आहे उचलायला?"

"हाकलून द्यायचा का मग, वहिनी?"

"मी कुठे तसं म्हटलं? पुसायला कोण येणार एवढं विचारा."

दुसऱ्या दिवशी जेवताना त्र्यंबकाने भाऊंना बैलाचे सांगितले. कोणी विचारले नव्हते. पण मनात ठेवून जेवण जाईना, असे तो मला नंतर म्हणाला. भाऊंचा हात पानावरच थांबला. कुत्रा गोठ्यात बांधला होता. गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला गाय होती.

"गाईच्या शेजारी?" भाऊ म्हणाले आणि पानावरून उठले.

मी पोचलो तेव्हा उपाध्ये गोविंदभट ओसरीवर तक्क्याला टेकून बसले होते. भाऊंनी मुद्दा स्पष्ट मांडला. शुद्धी होत असेल तर कुत्रा राहील. होत नसेल तर शनिवारच्या आत तो साहेबाकडे परत जाईल, मग साहेब त्याचे काय करायचे ते करो. त्र्यंबक खांबाला टेकून उभा होता. गोविंदभटांच्या तोंडातल्या पानाकडे तो असा पाहत होता की जणू निकाल त्या पानातच होता.

गोविंदभट पुष्कळ वेळ चावत राहिले.

"कुत्र्याला मुंज नाही, जात नाही," ते म्हणाले. "ज्याला जात नाही, त्याची जाईल कशी? म्हणून कुत्र्याला प्रायश्चित्त नाही."

"म्हणजे सुटला," त्र्यंबक म्हणाला.

"सुटला कसा? पाप झालेलं आहेच. घेणारा नाही, एवढंच. जो त्याला घरात आणील, त्याच्या माथी बसतं."

"मग आणणाऱ्याने घेतलं प्रायश्चित्त तर?" भाऊंनी विचारले.

गोविंदभटांनी पिंक टाकली. ती अंगणात कुत्र्याच्या लाळेशेजारी पडली. दोन्हींत मला फारसा फरक दिसला नाही.

"तर चालेल," ते म्हणाले. "क्षौर करावं लागेल. मिशीसकट. मग पंचगव्य. मग ब्राह्मणभोजन."

मला राहवले नाही. "बैल कुत्र्याने खाल्ला आणि मिशी त्र्यंबकाची?"

"बी.ए.," भाऊ म्हणाले, "तू तुझ्या कविता वाच."

दाराआडून बांगड्या वाजल्या. "मामंजी बसलेत समोर धडधाकट," गोदा हळू पण सर्वांना ऐकू येईल अशी म्हणाली. "त्यांच्या देखत मिशी काढायची? अभद्र दिसेल."

ती म्हणाली ते बरोबर होते. मिशी बाप गेल्यावर काढतात. पण गोविंदभट म्हणाले, प्रायश्चित्तात चालते. आणि त्र्यंबकाने तोवर होकार दिला होता.

मी तो दिवस पाहिला. पाहायला नको होता. त्र्यंबक मुंडण करून, उघड्या अंगाने, मागच्या अंगणात पाटावर बसला होता. मिशीखालची कातडी पांढुरकी निघाली, सोललेल्या बटाट्यासारखी. गोविंदभटांनी गाईचे शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप एकत्र करून पळीने त्याच्या हातावर घातले. त्र्यंबक ते प्यायला आणि कोपऱ्यात जाऊन ओकला.

"ओकलेलं धरत नाहीत," गोविंदभट म्हणाले. "पुन्हा घ्या."

तो पुन्हा प्यायला. डोळ्यांतून पाणी आले, पण त्याने ते पोटात ठेवले.

कुत्र्यालाही थोडे द्यावे असे भाऊंना वाटले. अधिकात अधिक फळ. भांडे त्याच्यासमोर सरकवले. त्याने ते एका दमात चाटून पुसून साफ केले, भांडे उलटे करून खालची बाजूही चाटली आणि आणखी हवे म्हणून गोविंदभटांकडे पाहत शेपूट आपटली.

"याला गोडी लागली," गोदा दाराआडून म्हणाली.

मग पंगत बसली. जिलब्या होत्या. गोविंदभटांनी आणि त्यांनी आणलेल्या मंडळींनी कुत्र्याच्या पापावर असा हात मारला की वाढणारे दमले. तूप कोपरापर्यंत ओघळत होते. ढेकर भिंतीपलीकडे ऐकू जात होते. कुत्रा साखळीला ताण देऊन बघत होता. दोन्हीकडून लाळ गळत होती. मी आंबट झालेल्या तोंडाने बाहेर पडलो.

पण शनिवार उलटला होता. कुत्रा जिवंत होता आणि खांबेट्यांच्या गोठ्यात होता. त्र्यंबक त्याला रोज ताकभात घाली. त्या भाताने कुत्र्याला वारा धरू लागला. गोठ्याजवळ उभे राहवत नसे.

यानंतरची गोष्ट मिशीने केली.

त्र्यंबक पहिल्यांदा टेंभी नाक्यावर भाजी आणायला गेला, तेव्हा ओळखीचा एक गृहस्थ त्याच्याकडे पाहून जागीच थांबला.

"अरेरे! भाऊ गेले? कधी?"

"नाही, नाही. भाऊ बरे आहेत."

"मग ही मिशी?"

"प्रायश्चित्त घेतलं."

"कसलं?"

त्याच्या जागी मी असतो तर काहीही सांगितले असते. त्र्यंबकाला तेवढे कुठले! तो म्हणाला, "गोमांसाचं."

"तू?"

"मी नाही. कुत्र्याने खाल्लं होतं."

तो गृहस्थ हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते. त्याने फक्त मान हलवली. "समजलो," तो म्हणाला. साहेबाचा कारकून. जंगलातले मुक्काम. रात्रंदिवस त्या लोकांची संगत. आणि म्हणे कुत्रा.

त्याच संध्याकाळी दोन माणसे सांत्वनाला भाऊंच्या घरी आली. भाऊ ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांना पाहून पाहुण्यांनी हातातले उपरणे खाली घेतले आणि काय बोलावे ते न सुचून कुत्र्याची चौकशी केली. जाताना त्यांनी पाणीसुद्धा घेतले नाही. भाऊंना त्या वेळी ते कळले नाही.

कळले ते चैत्रातल्या एका मुंजीत. मी तिथे होतो. ज्यांनी खांबेट्यांकडे जिलब्या खाल्ल्या, त्यांतली बरीच तोंडे पंगतीत होती. भाऊंचे पान ओळीतच मांडले होते. फक्त शेजारच्या पानापासून ते थोडे सरकवलेले होते. वाढपी आला आणि त्याने भात वरून टाकला. पळी पानाला लागू दिली नाही. भाऊंनी पान पाहिले, शेजारच्याकडे पाहिले. शेजारचा मिठाकडे पाहू लागला. भाऊ उठले. कोणी त्यांना बसा म्हटले नाही. यजमानांचे त्याच वेळी कुठे तरी काम निघाले.

मी त्यांच्या मागोमाग घरी गेलो. वाटेत त्यांनी एका पोराला गोविंदभटांकडे पिटाळले. अंगणात शिरताच ओरडले.

"त्र्यंबक! आत्ताच्या आत्ता तो कुत्रा घालव. खाडीपलीकडे सोड. साहेबाच्या माणसाकडे दे. गोळी घालू दे त्याला. मला पान सरकवून वाढलं आज! मला!"

त्र्यंबक नुकताच नव्या साहेबाकडच्या कामावरून आला होता. पाठोपाठ गोविंदभट आले. भाऊंनीच निरोप धाडला होता. भाऊंना वाटत होते, उपाध्यायाने चार ठिकाणी खरे सांगितले की झाले.

"गोविंदभट, तुम्ही सांगा लोकांना. प्रायश्चित्त कुत्र्यापायी दिलं होतं."

गोविंदभट बसले नाहीत. उभ्यानेच बोलले.

"असं कसं सांगू, भाऊ? कुत्र्याला प्रायश्चित्त नाही हे मीच तुम्हाला सांगितलं. उद्या दुसरे शास्त्री मला विचारतील, कुठल्या ग्रंथात आहे? मी दिलं ते त्र्यंबकाला दिलं."

"पण कशाबद्दल?" मी म्हणालो. "मी इथे होतो. मी ऐकलंय."

"तुम्ही बी.ए. आहात," गोविंदभट म्हणाले. "इंग्रजीत ऐकलं असेल."

आणि ते गेले. त्यांच्या पोटात त्र्यंबकाच्या घरची जिलबी अजून पुरती जिरलीही नसेल. मला माझ्या गावाची, त्याच्या धर्माची, त्याच्या तुपाची, त्याच्या ढेकरांची अशी शिसारी आली की मी ओट्याची कड धरून बसलो. गोठ्यात कुत्रा खोकत होता. त्या क्षणी मला त्याचीही दया आली नाही. हे सारे त्याच्या एका तोंडामुळे झाले होते.

"ऐकलंस ना?" भाऊ म्हणाले. "साखळी सोड त्याची. उचल."

त्र्यंबक गोठ्यात गेला. साखळी सोडून कुत्र्याला अंगणात घेऊन आला. कुत्रा सवयीने चार हात दूर बसला. त्र्यंबकाने साखळी हातात धरली, पण चालू लागला नाही.

"भाऊ," तो त्याच्या बेताच्या आवाजात म्हणाला, "नेतो मी. पण हा गेला, तर खाणारा मीच एकटा उरतो."

दाराआड बांगड्याही वाजल्या नाहीत.

त्याने हे डोक्याने केले की तो आपला दिसले ते बोलला, हे मला अजून कळलेले नाही. मी विचारले तर तो म्हणतो, "खरंच होतं ना?" पण भाऊंच्या तोंडावर काय झाले ते मी पाहिले. जन्मभर मामलेदारांपुढे लोकांच्या साक्षी वाचून दाखवलेला माणूस. आरोपी समोर उभा, आणि आपण स्वतःच्या हातांनी मुद्देमाल खाडीत टाकायला निघालो, हे त्यांना उमगले.

"थांब," ते म्हणाले. "कुठे नेतोस? ओट्याला बांध. रस्त्यावरून दिसेल असा."

भाऊंनी त्यानंतर जे केले ते कचेरीतल्या रीतीने केले. कल्याणला माणूस पाठवून आनंदाला बोलावणे केले. रविवारी सकाळी, देवळातून परतणारी मंडळी रस्त्यावर असताना, त्याला अंगणात उभे केले. कुत्रा ओट्याशी बांधलेला. भाऊ पाटावर. मंडळी आधी कडेकडेने उभी राहिली, मग आत आली. गोविंदभटही होते, सर्वांच्या मागे.

आनंदा दिसताच कुत्र्याने जे केले ते कोणी विसरणार नाही. लंगडा पाय विसरून तो साखळीच्या टोकापर्यंत उडाला, आनंदाचे हात कोपरापर्यंत चाटू लागला, बोटांच्या बेचक्या चाटल्या, नखे चाटली आणि हर्षाने गळा काढला.

"वास लागलाय हाताला," आनंदा ओशाळून म्हणाला. "किती बी धुवा, जात नाय."

"कसला वास?" भाऊंनी विचारले. "मोठ्याने सांग."

"बैलाचा."

"हा कुत्रा बैल खात होता?"

"आवो, नुस्ता खात होता? मुंडी यालाच लागं! दुसऱ्याला हात लावून देत नव्हता."

"आणि माझा मुलगा?"

आनंदाने त्र्यंबकाकडे पाहिले आणि तो मोठ्याने हसला. "यो? यो माज्या हातचा पानी पीत नाय! यानं एकदा काईल बगली, तं असा पिवला परला का मना वाटला, आता यालाच उचलून न्यावा लागतं."

मंडळीत हसू झाले. प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती. पण संपले नाही.

"काहिलीत म्हणजे कसं करतात?" कोणी तरी विचारले.

आनंदा सांगू लागला. कातडे कसे निघते. आतडी कशी धुतात. उन्हाळ्यात मेलेले जनावर उशिरा आले तर पोट कसे फुगते आणि सुरी लावताना काय उडते. मंडळींनी उपरणी नाकाला लावली. बायकांनी पदर लावले. पण गेले कोणी नाही. एक म्हातारे गृहस्थ, ज्यांच्याकडे लसूणही येत नाही, ते पुढे सरकून म्हणाले, "आणि डोळे? डोळ्यांचं काय करतात?" आनंदाने तेही सांगितले. "शिव, शिव," म्हणाले आणि पुन्हा कान पुढे केला. मी लोकांचे चेहरे पाहिले. त्या सबंध सकाळी एकटा कुत्राच असा होता, ज्याने आपली हाव झाकली नाही.

"माज्या घरचे बी मना पंगतीन बसवत नाय," आनंदा शेवटी म्हणाला. "त्यानला बी कोनी तरी समजवा." त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," गोविंदभट पुढे येऊन म्हणाले, "सारा दोष कुत्र्याचा." आणि एवढे ऐकले तेव्हा सर्वांनी घरी जाऊन आचमन करावे, असेही त्यांनी सुचवले. मुंजीचे यजमान भाऊंच्या जवळ आले. मुलीचे केळवण होते, अगत्य यायचे, असे म्हणाले. भाऊंनी मान तुकवली. प्रकरण निकाली निघाले.

मंडळी पांगल्यावर दाराआडून गोदा म्हणाली, "मामंजी, आता परत गोठ्यात बांधायचा ना याला?"

"गोठ्यात नाही. इथेच. ओट्यावर. पाऊस आला तर वर पत्रा घालू." भाऊंनी कुत्र्याकडे पाहिले. त्या नजरेत माया नव्हती. कागद जपून ठेवताना असते तशी नजर होती. "आपण आहोत तोवर हा लोकांना दिसला पाहिजे. नीट खायला घालत जा. मरता कामा नये."

ज्या कुत्र्याला कोणी ठेवायला तयार नव्हते, त्याचे घर असे ठरले.

आनंदाला स्टेशनावर पोचवून मी परत आलो, तो त्र्यंबक ओट्याच्या पायरीवर बसलेला. मिशीचे खुंट वर येऊ लागले होते. कुत्र्याचे डोके त्याने मांडीवर घेतले होते. मांडीवर! मध्ये रेघ नव्हती. तो कानातली एकेक गोचीड नखाने उपटून पायरीवर ठेवी आणि अंगठ्याने चिरडी. पायरीवर काळ्या रक्ताचे ठिपके पडले होते.

"राहिला रे," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळलेला मी कधीच पाहिला नव्हता, त्याच्या लग्नातही नाही.

"तुला किळस येत नाही?" मी विचारले. मला सगळ्याचेच विचारायचे होते.

"कशाची?" त्याने खरोखरच विचारात पडून मला उलट विचारले.

त्याने आणखी एक गोचीड चिरडली, हात धोतराला पुसला, कनवटीची सुपारी काढली आणि त्याच हाताने माझ्यापुढे धरली.

"घे," तो म्हणाला. "आज तोंड गोड करायला हवं."

मी सुपारी न घेताच घरी जायला निघालो.